बापानेच श्रेय ढापलं, पण गरम पाण्याचा व्हॉल्व्ह निवडताना आजही याचाच नियम लागतो

अकरावीला सायन्स घेतलं असेल तर बर्नुली हे नाव तुम्ही ऐकलंय. विमानाचा पंख शिकवताना सर हे नाव हमखास काढायचे. पण गड्याचा जीव अडकला होता तो पाइपातल्या पाण्यात. आणि त्याच पाण्यावरून त्याचं सख्ख्या बापाशी जे वाजलं, ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

डॅनिएल बर्नुलीचा जन्म १७०० सालचा, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचा. घराणं मात्र स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातलं. वडील योहान आणि काका याकोब हे दोघेही त्या काळातले नामांकित गणिती, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटायचं नाही. थोडक्यात, भांडण घरातच होतं.

योहानने ठरवलं, पोराने व्यापार करायचा. गंमत म्हणजे योहानलाही त्याच्या बापाने व्यापारात ढकललं होतं आणि तो तिथून निसटून गणिताकडे आला होता. पण स्वतःचं पोरगं तेच करायला लागलं तेव्हा त्याला ते चालेना. शेवटी वैद्यकीवर तडजोड झाली. गणित डॅनिएलला आधी मोठ्या भावाने, निकोलसने शिकवलं, पुढे बापानेही. १७२१ मध्ये श्वसनावर प्रबंध लिहून तो डॉक्टर झाला. बासेलमध्ये प्राध्यापकी मागितली, पण तिथे शेवटची निवड चिठ्ठ्या टाकून व्हायची. दोनदा चिठ्ठी दुसऱ्याची निघाली.

१७२५ मध्ये दोघे भाऊ रशियात सेंट पीटर्सबर्गला नोकरीला गेले. वर्षभरातच निकोलस तापाने गेला. डॅनिएल पार खचला. १७२७ मध्ये तिथे लिओनार्ड ऑयलर आला. हा योहानचाच विद्यार्थी. त्याच्या सोबतीने काम पुन्हा सुरू झालं.

शरीरात रक्त कसं वाहतं आणि पाइपात पाणी कसं वाहतं, हे डॉक्टर असलेल्या डॅनिएलला एकच कोडं वाटत होतं. त्याने पाइपाच्या भिंतीला भोक पाडून त्यात काचेची उभी नळी बसवली. पाणी वाहताना नळीत जेवढं वर चढेल, तेवढा तिथला दाब. पाण्याचा वेग वाढला की नळीतली पातळी खाली यायची. म्हणजे पाण्याकडच्या ऊर्जेचा हिशोब ठरलेला आहे. वेगावर जास्त खर्च झाली की दाबाच्या खात्यात कमी उरते.

आता आजच्या एखाद्या मोठ्या हॉटेलच्या बॉयलर रूममध्ये जाऊ. गरम पाण्याच्या लाइनवर एक कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. तापमान बघून तो आपोआप कमी-जास्त उघडतो. पाइप दोन इंची म्हणून व्हॉल्व्हही दोन इंची घ्यायचा, असा सरळ हिशोब बरेच जण करतात. आणि तिथेच फसतं.

व्हॉल्व्ह पाइपाच्या मापावर नाही, केव्हीवर निवडतात (वीजवाल्यांचा केव्ही नव्हे). पूर्ण उघडलेल्या व्हॉल्व्हमध्ये १ बार दाब खर्च केला तर तासाला जितके घनमीटर पाणी जाईल, तो त्याचा केव्ही. समजा तासाला ४ घनमीटर पाणी हवंय आणि व्हॉल्व्हवर ०.२५ बार दाब घालवायची तयारी आहे. ०.२५ चं वर्गमूळ ०.५. चार भागिले अर्धा, म्हणजे ८. मग केव्ही ८ च्या आसपासचा व्हॉल्व्ह बघायचा. वर्गमूळ का? कारण वेग दुप्पट झाला की दाबाचा खर्च चौपट होतो. याचं मूळ डॅनिएलच्या त्या हिशोबात आहे.

केव्ही ४० चा बसवला तर? तो कायम जेमतेम किलकिला राहून काम करणार. जरा हलला की पाणी एकदम कढत, जरा मागे आला की कोमट. बिचारा दिवसभर पुढे-मागे करत बसतो आणि लवकर झिजतो. फार छोटा घेतला तर पाणीच पुरत नाही. पण छोट्याची तक्रार पहिल्याच दिवशी येते, मोठा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं गुपचूप त्रास देतो. म्हणून माझ्या मते मोठ्याची चूक जास्त वाईट.

गरम पाण्यात आणखी एक भानगड आहे. व्हॉल्व्हच्या अरुंद जागी वेग वाढतो, म्हणजे दाब पडतो. ९० अंशांचं पाणी दाब साधारण ०.७ बारवर आला की उकळायला लागतं, आणि आपल्या भोवतालच्या हवेचा दाबच सुमारे १ बार असतो. त्यामुळे सिस्टिममधला दाब कमी असेल तर तिथे वाफेचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढला की फुटतात. खडी वाहतेय असा आवाज येतो आणि धातूला खड्डे पडतात.

पुन्हा डॅनिएलकडे. १७३३ मध्ये तो बासेलला परतला. १७३४ मध्ये पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस बापलेकाला विभागून मिळालं. पोरगा आपल्या बरोबरीला बसवला जातो, हे योहानला सहन झालं नाही. त्याने डॅनिएलला घरात पाऊल ठेवू दिलं नाही, असं सांगितलं जातं.

१७३८ मध्ये डॅनिएलचं हायड्रोडायनॅमिका हे पुस्तक छापून आलं. मुखपृष्ठावर त्याने स्वतःची ओळख योहानचा मुलगा अशीच दिली होती. काही वर्षांतच योहानचं हायड्रॉलिका आलं. विषय तोच, आणि वर साल टाकलं होतं १७३२. म्हणजे आपणच आधी, असं दाखवायचा डाव. डॅनिएलला हा घाव जिव्हारी लागला. गणितावरचं त्याचं मनच उडालं.

योहान १७४८ मध्ये वारला. दोन वर्षांनी डॅनिएलला बासेलमध्ये भौतिकशास्त्राची प्राध्यापकी मिळाली, तीही या वेळी चिठ्ठी न टाकता. पॅरिसची बक्षिसं त्याने एकूण दहा मिळवली. लग्न केलं नाही. १७८२ मध्ये बासेललाच गेला. आज पुस्तकात छापतात ते बर्नुलीचं समीकरण त्या रूपात मांडलं ते ऑयलरने. नाव मात्र बर्नुलीचंच राहिलं, आणि इतिहासकार त्याचा अर्थ डॅनिएल असाच घेतात.