सावित्रीमाईंचा वर्ग आणि मुळशीतली शाळा

डी.एड.ला शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींना आनंददायी शिक्षणाचे धडे दिले जातात. भिंती रंगवा, तक्ते लावा, गाणी म्हणा, खेळ घ्या, वर्ग हसताखेळता ठेवा. यात गैर काहीच नाही. पण पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणीकडे जाताना मुळशीच्या डोंगरात कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. त्या वाडीतले मूल या रंगवलेल्या वर्गात कुठे बसते? कोणत्या भाषेत बोलते? दिवाळीनंतर आईबापांबरोबर ते वीटभट्टीवर गेले, तर त्याची आठवण कोण काढते? या प्रश्नांची उत्तरे तक्त्यावर मिळत नाहीत. ती क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांच्या आयुष्यात मिळतात. उद्याच्या प्रत्येक शिक्षकाने ते आयुष्य जयंतीपुरते नव्हे, तर आपल्या धंद्याचा पहिला पाठ म्हणून वाचले पाहिजे.

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी झाला. १८४० साली जोतीरावांशी लग्न झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. आपल्या आद्य शिक्षिका आधी निरक्षर होत्या, हे नीट लक्षात घ्या. जोतीरावांनी त्यांना शिकवले. पण घरी चार पुस्तके वाचली म्हणजे शिकवता येते, असे या दांपत्याने मानले नाही. सावित्रीमाईंनी नगरला फरारबाईंच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले. शिकवणे ही शिकावी लागणारी विद्या आहे, हे त्यांनी त्या काळात ओळखले होते.

१८४८ साली बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढचा इतिहास चळवळीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. सनातन्यांनी रस्त्यात शेण फेकले, चिखल फेकला. माई जास्तीचे लुगडे बरोबर नेत आणि शाळेत पोचल्यावर बदलत. आपण या प्रसंगातला छळ सांगतो, पण त्यातली शिक्षिका सांगायची विसरतो. बाहेरची घाण त्यांनी वर्गाच्या उंबऱ्याआत येऊ दिली नाही. समोर बसलेल्या मुलींना स्वच्छ लुगड्यातली, शांत चेहऱ्याची बाई दिसली. वर्गातले वातावरण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

समाजाच्या दबावापुढे सासऱ्यांनी घराबाहेर काढले, तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख यांनी आसरा दिला. फातिमा शेख सहकारी शिक्षिका झाल्या. १८५६ साली आजारपणामुळे माई नायगावी माहेरी होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्यामागे शाळेचा सगळा भार फातिमावर पडला असेल, याची काळजी त्यांनी केली आहे. सहकाऱ्याचा असा विचार करणारी माणसे शाळा चालवत होती, म्हणून त्या शाळा टिकल्या. १८५१ आणि १८५२ मध्ये चिपळूणकर वाडा, रास्ता पेठ, वेताळ पेठ येथे मुलींच्या शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या गेल्या.

या शिक्षणाची खरी परीक्षा मुक्ता साळवेने दिली. मांग समाजातल्या या मुलीने अवघ्या तीन वर्षांच्या शिक्षणानंतर महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच असतील, तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा सवाल तिने केला. पाठांतर करणारी मुलगी असा सवाल करीत नाही. ज्या वर्गात प्रश्न विचारल्याबद्दल छडी बसत नाही, त्याच वर्गात अशी मुलगी घडते. मूल निर्भयपणे प्रश्न विचारते की नाही, हीच चांगल्या वर्गाची कसोटी आहे. भिंतीचा रंग त्यानंतर येतो.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी शिक्षकांचाही प्रश्न मांडला. शिक्षक शेतकरी-कष्टकऱ्यांतून यावेत, त्यांच्यात मिसळणारे असावेत आणि त्यांना पगार बरा मिळावा, अशी त्यांची मागणी होती. त्यामागे या दांपत्याचा अनुभव उभा होता.

१८९० साली जोतीराव गेले. माईंनी सत्यशोधक समाजाचे काम सोडले नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. डॉक्टर झालेला दत्तक पुत्र यशवंत हडपसरजवळ रुग्णांवर उपचार करीत होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा प्लेगने आजारी पडलेला मुलगा माईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणला. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साठी ओलांडलेल्या या शिक्षिकेच्या पाठीवर शेवटी होते ते एका अस्पृश्य घरातले लेकरू.

आणि याच्या तीनच वर्षांनी, १९०० साली, माईंच्याच जन्मजिल्ह्यात, साताऱ्याच्या शाळेत बाळ भीमरावाला स्वतःचे गोणपाट घेऊन वेगळे बसावे लागत होते! शाळा तीच, फळा तोच, पुस्तकेही तीच. फरक फक्त शिक्षकाच्या मनात होता. बाबासाहेबांनी फुल्यांना गुरू मानले, ते उगीच नव्हे. गोणपाटावर बसलेल्यालाच सावित्रीमाईंच्या वर्गाची किंमत कळते.

आता मुळशीकडे या. १९२१ साली याच खोऱ्यात धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. जमिनी पाण्याखाली गेल्या आणि त्या पाण्यावरची वीज मुंबईला गेली. आज त्याच तालुक्यात हिंजवडीची संगणक नगरी आहे आणि डोंगरातल्या वाड्याही आहेत. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार सरकारने पुढे आणला. कागदावर तो सोयीचा वाटतो. पण मुळशीच्या पावसात ओढा ओलांडून दूरच्या शाळेत जाणारे पहिलीतले पोर त्या कागदावर दिसत नाही. पट कमी म्हणून शाळा बंद करायची झाली असती, तर भिडे वाड्यातली शाळा पहिल्याच आठवड्यात बंद पडली असती.

म्हणून भावी शिक्षक-शिक्षिकांनो, वाडीवरच्या शाळेत नेमणूक झाली तर ती शिक्षा समजू नका. पहिल्या दिवशी तक्ता लावण्याआधी प्रत्येक मुलाचे नाव नीट विचारा आणि त्याच नावाने हाक मारा. त्याच्या कातकरी बोलीला हसू नका, तिच्यातले चार शब्द तुम्ही शिका. मागे बसणाऱ्याला पुढे आणा. हजेरीत खाडा दिसला तर लाल शेरा मारून थांबू नका, त्याच्या खोपटापर्यंत जा. त्याने अडचणीचा प्रश्न विचारला, तर आपल्या वर्गात मुक्ता साळवे आली म्हणून आनंद माना.

भिडे वाडा २०२३ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला. स्मारक झालेच पाहिजे. पण सावित्रीमाईंचा वर्ग दगड-विटांत नव्हता. तो मुळशीच्या वाडीवर पुन्हा भरवता येतो. त्यासाठी फक्त कुणाही लेकराला गोणपाटावर बसवणार नाही, असा निर्धार केलेला एक शिक्षक लागतो.