डाग काढणारे सुरतचे रसायनशास्त्रज्ञ



सातवीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले की, खाडीचे पाणी लाल-निळे दिसले तर ते दूषित आहे हे कळते. पण पाणी नितळ दिसत असेल आणि तरीही त्यात विष असेल, तर ते कसे ओळखायचे? त्याचे वडील डाईंग मिलमध्ये कामाला आहेत. प्रश्न मोलाचा आहे. त्याचे उत्तर देण्याआधी आपल्याच सुरतच्या एका थोर माणसाची ओळख करून देतो.

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म १८६३ मध्ये सुरत येथे एका सुतार घराण्यात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकले आणि पुढे बडोदा कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या काळी जर्मनीतून कृत्रिम रंग येऊ लागले होते आणि आपल्या रंगाऱ्यांची पिढीजात विद्या मागे पडत होती. गज्जरांना वाटे की, रंगाऱ्याच्या आणि सुताराच्या मुलालाही नवे रसायनशास्त्र मिळाले पाहिजे, आणि तेही त्याच्या स्वतःच्या भाषेत. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी हा विचार उचलून धरला. १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले आणि गज्जर त्याचे प्रमुख झाले. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. आज ही संस्था बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे.

पुढे गज्जर मुंबईला विल्सन कॉलेजात गेले. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले. चापेकरांच्या देशभक्तीचे मोल आपण जाणतोच. परंतु रसायनशास्त्रापुढे प्रश्न वेगळा होता. डांबर पाण्याने जात नाही, आणि जोरदार आम्ल वापरावे तर संगमरवरच खाल्ला जातो. अनेकांनी हात टेकले, तेव्हा गज्जरांनी तो डाग काढून दाखवला. जुने, पिवळे पडलेले मोती पुन्हा पांढरे करण्याची रीतही त्यांनी शोधली. त्या कमाईतून त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा चालवली. १९०७ मध्ये उभ्या राहिलेल्या अलेम्बिक कारखान्यामागे कोटीभास्कर आणि अमीन हे त्यांचेच शिष्य होते. १९२० मध्ये गज्जरांचे निधन झाले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या खानदेशी घरातील शेवभाजी आठवा. मिरचीचा लाल रंग पाण्यात फारसा उतरत नाही. तो तेलात उतरतो आणि वर तर्री होऊन तरंगतो. पाण्यातील पुष्कळशी विषारी द्रव्येही अशीच असतात. त्यांना पाण्यापेक्षा तेलासारखा द्रव अधिक जवळचा वाटतो. पण एक लिटर पाण्यात ती ग्रॅमच्या लाखाव्या-कोट्यवधीव्या भागाइतकीच असतात आणि तपासयंत्रालाही सहज दिसत नाहीत. म्हणून पूर्वी पाण्याच्या नमुन्यात भरपूर द्रावक घालून, हलवून, ती द्रव्ये बाहेर ओढत. यात अडचण अशी की, तो द्रावकच अनेकदा विषारी असे. प्रदूषण शोधता शोधता नवे प्रदूषण तयार होई!

१९९६ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी यावर उपाय काढला. सिरिंजच्या सुईच्या टोकाला द्रावकाचा एकच थेंब लटकवून तो पाण्यात धरायचा. हा थेंब मिलिलिटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असतो. पाण्यात विखुरलेली द्रव्ये त्या थेंबात गोळा होतात. मग तो थेंब यंत्रात सोडला की, त्यात काय आहे आणि किती आहे ते कळते. २००६ मध्ये इराणच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक रीत मांडली. द्रावकाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात एकदम फवारायचे. पाणी दुधाळ होते आणि द्रव्ये क्षणात कणांत शिरतात. मग नमुना यंत्रात गरगर फिरवला की, सगळे कण तळाशी एका थेंबात जमतात. या विद्येला द्रव सूक्ष्म-निष्कर्षण म्हणतात.

मित्रांनो, ही विद्या आपल्या गावाला परकी नाही. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सचिन जीआयडीसीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडताना विषारी वायू पसरला आणि सहा कामगारांचा जीव गेला. ते आपल्यासारख्याच घरांतले कर्ते माणूस होते. रसायनशास्त्राने सुरतच्या हाताला काम दिले. त्याच शास्त्राने सुरतच्या पाण्याची राखणही केली पाहिजे, आणि ते काम कोणीतरी शिकावे लागेल.

मराठी माध्यमात शिकून विज्ञान जमेल का, असे पालक मला विचारतात. माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. इंग्रजी शब्द मागाहून शिकता येतात. प्रश्न विचारण्याची सवय मात्र लहानपणीच लागावी लागते. सुताराच्या घरातील गज्जरांना ती होती. सातवीतल्या त्या मुलालाही आहे. त्याला मी सांगितले आहे की, उरलेले उत्तर त्याने स्वतः शोधायचे आहे.

– मुख्याध्यापक