ऑगस्टिन बेआ

ऑगस्टिन बेआ (२८ मे १८८१ – १६ नोव्हेंबर १९६८) हे जर्मन जेझुइट धर्मगुरू, बायबलचे अभ्यासक आणि कॅथलिक चर्चचे कार्डिनल होते. पोप तेविसावे जॉन यांनी १९६० साली स्थापन केलेल्या ख्रिस्ती ऐक्य संवर्धन सचिवालयाचे ते पहिले अध्यक्ष होत. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेपासून परस्परांना परके मानणाऱ्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पंथांमध्ये सद्भाव निर्माण करण्याच्या कार्यात त्यांचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली संमत केलेला ख्रिस्ती ऐक्यविषयक आदेश त्यांच्याच सचिवालयाने तयार केला होता.

प्रारंभिक जीवन

बेआ यांचा जन्म दक्षिण जर्मनीतील बाडेन प्रांतात, रीडब्योरिंगेन या खेड्यात झाला. वडील कार्ल हे सुतारकाम करीत. ऑगस्टिन हे आईवडिलांचे एकुलते एक अपत्य होते. त्यांची प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. फ्रायबुर्ग विद्यापीठात धर्मशास्त्राचे शिक्षण घेत असताना त्यांनी जेझुइट संघात प्रवेश करण्याचे ठरविले. १८७२ च्या कायद्याने जर्मन साम्राज्यात या संघावर बंदी घातलेली असल्यामुळे १९०२ साली त्यांना नेदरलँड्समध्ये जाऊन संघप्रवेश करावा लागला. १९१२ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्यानंतर त्यांनी नेदरलँड्समधील वाल्केनबुर्ग येथे जुन्या कराराचे अध्यापन केले आणि १९२१ ते १९२४ या काळात दक्षिण जर्मनीतील जेझुइट प्रांताचे प्रमुखपद सांभाळले.

बायबलचे अभ्यासक

१९२४ साली बेआ रोमला आले आणि पुढे आयुष्यभर तेथेच राहिले. १९३० ते १९४९ अशी एकोणीस वर्षे ते रोममधील पाँटिफिकल बिब्लिकल इन्स्टिट्यूटचे रेक्टर होते. बायबलच्या चिकित्सक अभ्यासात त्या काळी जर्मन प्रोटेस्टंट विद्वान अग्रभागी होते, तर कॅथलिक अभ्यासकांवर चर्चची कडक नजर असे. बेआ यांचा प्रोटेस्टंट पंडितांशी परिचय झाला तो या विद्येच्या वाटेने. १९३५ साली गटिंगेन येथे जुन्या कराराच्या अभ्यासकांची परिषद भरली होती. पोप अकरावे पायस यांच्या अनुमतीने ते या परिषदेस उपस्थित राहिले. हिब्रू व्याकरण, पाठभेद आणि उत्खनने या विषयांवर दोन्ही पंथांचे अभ्यासक एकाच भाषेत बोलू शकतात, हा अनुभव त्यांना पुढे उपयोगी पडला.

बायबलच्या अभ्यासात मूळ भाषा आणि वाङ्मयप्रकार यांचा विचार करण्यास मोकळीक देणारे परिपत्रक पोप बारावे पायस यांनी १९४३ साली काढले. त्याच्या तयारीत बेआ यांचा सहभाग होता. १९४५ पासून १९५८ मध्ये पोपचे निधन होईपर्यंत ते त्यांचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू होते. १९४९ पासून ते होली ऑफिस या खात्याचे सल्लागारही होते. श्रद्धासिद्धान्तांच्या शुद्धतेवर देखरेख ठेवणे हे या खात्याचे काम होते. त्यामुळे ऐक्याचे कार्य हाती घेतले तेव्हा त्यांच्या सिद्धान्तनिष्ठेविषयी शंका घेणे विरोधकांना अवघड गेले.

ऐक्यविषयक पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रोटेस्टंट चर्चमध्ये ऐक्याची चळवळ जोर धरू लागली होती. कॅथलिक चर्चने मात्र तिच्यापासून अंतर राखले. १९२८ साली पोप अकरावे पायस यांनी एका परिपत्रकाद्वारे कॅथलिकांना अशा संमेलनांत भाग घेण्यास मनाई केली. विभक्त झालेल्यांनी रोमकडे परत यावे, हाच ऐक्याचा एकमेव मार्ग असल्याचे त्यात प्रतिपादन होते. १९४८ साली ॲमस्टरडॅम येथे जागतिक चर्च परिषदेची स्थापना झाली, तेव्हा तेथे कॅथलिक चर्चचे अधिकृत निरीक्षक नव्हते. १९४९ च्या अखेरीस होली ऑफिसने काही अटींवर संवादास परवानगी दिली, परंतु त्यासाठी रोममध्ये स्वतंत्र यंत्रणा नव्हती.

सचिवालयाची स्थापना

पोप तेविसावे जॉन यांनी २५ जानेवारी १९५९ रोजी नवी महापरिषद बोलाविण्याची घोषणा केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी बेआ यांना कार्डिनल केले. त्या वेळी बेआ ७८ वर्षांचे होते. पाडरबोर्नचे आर्चबिशप लोरेन्झ येगर आणि बेआ यांनी ख्रिस्ती ऐक्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमण्याची सूचना पोपपुढे मांडली. ती मान्य होऊन ५ जून १९६० रोजी सचिवालय अस्तित्वात आले. डच धर्मगुरू योहानेस विलेब्रांड्स त्याचे सचिव झाले.

सप्टेंबर १९६० मध्ये बेआ यांनी मिलान येथे जागतिक चर्च परिषदेचे सरचिटणीस विलेम व्हिसर्ट होफ्ट यांची भेट घेतली. होफ्ट हे नेदरलँड्सच्या रिफॉर्म्ड चर्चचे होते. या भेटीचा गाजावाजा झाला, तर दोन्हीकडील विरोधक सावध होतील, अशी भीती असल्याने ती गुप्त ठेवण्यात आली. त्याच वर्षी २ डिसेंबर रोजी कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर पोपना भेटले. इंग्लंडचे चर्च रोमपासून वेगळे झाल्यानंतरची ही अशी पहिलीच भेट होती.

१९६१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जागतिक चर्च परिषदेचे तिसरे अधिवेशन नवी दिल्ली येथे भरले. त्यास कॅथलिक चर्चचे पाच निरीक्षक उपस्थित होते. परिषदेच्या अधिवेशनास रोमच्या संमतीने अधिकृत निरीक्षक जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

बाप्तिस्म्याविषयीचा विचार

बेआ यांच्या भूमिकेचा पाया बाप्तिस्मा हा होता. ख्रिस्ताच्या नावाने विधिपूर्वक बाप्तिस्मा घेतलेली व्यक्ती, मग ती कोणत्याही पंथाची असो, ख्रिस्ताशी जोडली जाते, असे ते प्रतिपादन करीत. त्यासाठी ते संत पौलाच्या पत्रांचा आणि कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या धर्मकायद्याचा आधार घेत. या विचारातून दोन निष्कर्ष निघत होते. प्रोटेस्टंट व्यक्ती हे बंधुभगिनी ठरत होते. तसेच चारशे वर्षांपूर्वीच्या फुटीचा दोष आज जन्मलेल्या प्रोटेस्टंटांवर लादता येत नव्हता. प्रोटेस्टंटांसाठी सर्रास वापरला जाणारा पाखंडी हा शब्द यामुळे गैरलागू ठरला.

मतभेद झाकून केलेल्या सलोख्यास मात्र त्यांचा विरोध होता. सत्याविषयीची निष्ठा आणि माणसांविषयीचे प्रेम यांपैकी एकासाठी दुसऱ्याचा बळी देऊ नये, अशी त्यांची धारणा होती. जर्मनी, स्वित्झर्लंड आदी देशांत व्याख्याने देऊन त्यांनी हा विचार सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविला. १९६३ च्या मार्चमध्ये हार्वर्ड विद्यापीठात कॅथलिक व प्रोटेस्टंट विद्वानांचा परिसंवाद झाला. त्यातही त्यांनी व्याख्याने दिली.

दुसरी व्हॅटिकन परिषद

११ ऑक्टोबर १९६२ रोजी परिषदेचा प्रारंभ झाला. इतर चर्चच्या प्रतिनिधींना निरीक्षक म्हणून निमंत्रित करण्याचे व त्यांची व्यवस्था पाहण्याचे काम सचिवालयाकडे होते. पहिल्या सत्रात निरीक्षक व पाहुणे मिळून सुमारे ५० जण होते. अखेरच्या सत्रात ही संख्या १०० च्या वर गेली. त्यांत लुथरन एडमंड श्लिंक, मेथडिस्ट अल्बर्ट आउटलर, नव्या कराराचे अभ्यासक ऑस्कर कुलमान आणि तेझे मठाचे ब्रदर रॉजर यांचा समावेश होता. त्यांना बिशपांना मिळणारे गोपनीय मसुदे दिले जात आणि सभागृहात मानाच्या जागी बसविले जाई. सभागृहात बोलण्याचा व मतदानाचा अधिकार त्यांना नव्हता. तथापि दर आठवड्याच्या बैठकीत ते मसुद्यांवर परखड टीका करीत आणि सचिवालयामार्फत ती परिषदेपर्यंत पोहोचे.

पहिल्याच सत्रात ईश्वरी प्रकटीकरणाच्या स्रोतांविषयीच्या मसुद्यावरून वाद झाला. धर्मग्रंथ आणि परंपरा हे दोन वेगळे स्रोत मानणारी त्यातील मांडणी प्रोटेस्टंटांशी संवादास बाधक ठरेल, असे अनेकांना वाटत होते. मतदानात बहुसंख्य बिशपांनी मसुद्याविरुद्ध कौल दिला. आवश्यक दोनतृतीयांश मते मात्र पडली नाहीत. तेव्हा पोपनी हस्तक्षेप करून नवा मसुदा संयुक्त आयोगाकडे सोपविला. होली ऑफिसचे कार्डिनल आल्फ्रेदो ओत्ताव्हियानी आणि बेआ हे त्याचे सहअध्यक्ष होते.

ऐक्यविषयक आदेशाची वाटचालही सोपी नव्हती. नोव्हेंबर १९६४ मध्ये अंतिम मतदान तोंडावर आले असताना पोप सहावे पॉल यांच्या सूचनेवरून त्यात १९ बदल करण्यात आले. प्रोटेस्टंटांना धर्मग्रंथात ईश्वर सापडतो, या आशयाच्या जागी ते तेथे ईश्वराचा शोध घेतात, असा पाठ आला. निरीक्षकांना या बदलाने वाईट वाटले. वर्षानुवर्षे जोडलेला विश्वास तुटतो की काय, असा तो प्रसंग होता. बदल स्वीकारले गेले आणि आदेशाचा गाभा अबाधित राहिला. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी तो २,१३७ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला. फुटीस दोन्ही बाजूंची माणसे जबाबदार होती, प्रोटेस्टंट समाजांमध्येही तारणाची साधने कार्य करतात आणि ऐक्यासाठी एकत्र प्रार्थना करणे इष्ट आहे, ही तत्त्वे त्यात मान्य करण्यात आली.

धर्मस्वातंत्र्याची घोषणा आणि ख्रिस्तीतर धर्मांविषयीची घोषणा यांचे मसुदेही सचिवालयानेच हाताळले. ख्रिस्तीतर धर्मांविषयीच्या घोषणेने ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यू लोकांवर ठेवण्याची प्रथा नाकारली. तीव्र विरोध असतानाही ती २८ ऑक्टोबर १९६५ रोजी २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत झाली.

अखेरची वर्षे

१८ फेब्रुवारी १९६५ रोजी बेआ यांनी जिनिव्हा येथील जागतिक चर्च परिषदेच्या मुख्यालयास भेट दिली आणि संयुक्त कार्यगट स्थापन करण्यास रोमची संमती असल्याचे जाहीर केले. जर्मन ग्रंथव्यवसायाचा शांतता पुरस्कार १९६६ साली बेआ आणि व्हिसर्ट होफ्ट यांना विभागून देण्यात आला. सहा वर्षांपूर्वी ज्यांना गुप्तपणे भेटावे लागले होते, ते कॅथलिक कार्डिनल आणि प्रोटेस्टंट सरचिटणीस आता फ्रँकफुर्टमध्ये जाहीरपणे एका पुरस्काराचे मानकरी ठरले.

सचिवालयाने मे १९६७ मध्ये ऐक्यकार्याच्या मार्गदर्शिकेचा पहिला भाग प्रसिद्ध केला. कॅथलिक होऊ इच्छिणाऱ्या प्रोटेस्टंटांना खबरदारी म्हणून पुन्हा सशर्त बाप्तिस्मा देण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ होती. सयुक्तिक शंका असल्याशिवाय असे करू नये, असा नियम मार्गदर्शिकेने घातला. बेआ यांचा बाप्तिस्म्याविषयीचा विचार अशा रीतीने गावोगावच्या चर्चच्या व्यवहारात उतरला. १९६८ साली सचिवालय आणि संयुक्त बायबल संस्था यांनी बायबलच्या आंतरपंथीय भाषांतरासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

१६ नोव्हेंबर १९६८ रोजी रोम येथे वयाच्या ८७ व्या वर्षी बेआ यांचे निधन झाले. रीडब्योरिंगेन येथील चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले. १९६९ साली विलेब्रांड्स त्यांच्या जागी अध्यक्ष झाले.

वारसा

ज्या वादातून धर्मसुधारणेला तोंड फुटले, त्या नीतिमत्त्व-प्राप्तीच्या सिद्धान्तावर लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. बेआ यांच्या काळात सुरू झालेल्या संवादाचे हे फलित मानले जाते. पोपचा अधिकार, धर्मगुरुपदाची वैधता आणि प्रभुभोजनातील सहभाग यांविषयीचे मतभेद मात्र कायम आहेत. कॅथलिक चर्च जागतिक चर्च परिषदेचे सदस्य झालेले नाही. संयुक्त कार्यगटाचे काम मात्र चालू राहिले. रोममधील ग्रेगोरियन विद्यापीठातील ज्यू अध्ययन केंद्रास बेआ यांचे नाव देण्यात आले असून त्यांच्या जन्मगावी त्यांच्या स्मरणार्थ संग्रहालय आहे.