रॉडनबेरी नावाचा पायलट

स्टार ट्रेकच्या पहिल्या सीझनची डीव्हीडी पेटी २००४ साली निघाली. आठ डिस्क, २९ भाग. हॉस्टेलवर ज्यांनी ही मालिका एका पीसीभोवती कोंडाळं करून पाहिली असेल, त्यांना कॅप्टन कर्क, स्पॉक, डॉक्टर मकॉय वगैरे मंडळी घरच्यासारखी वाटतील. पण त्यातल्या ११व्या आणि १२व्या भागात एक चमत्कारिक प्रकार आहे. ‘द मेनाजरी’ ही दोन भागांची गोष्ट. तिच्यात अचानक दुसराच कप्तान, दुसरेच खलाशी दिसायला लागतात. स्पॉक तेवढा ओळखीचा, आणि तो चक्क हसतो! ही भानगड कळायची तर जीन रॉडनबेरी हा माणूस कोण होता ते बघावं लागतं.

जन्म १९ ऑगस्ट १९२१, टेक्सासमधल्या एल पासो गावचा. वाढला लॉस एंजेलिसमध्ये. वडील पोलीस. पोरानेही कॉलेजात पोलीस विज्ञानाचाच कोर्स घेतला, पण डोकं विमानात. दुसरं महायुद्ध आलं आणि हा प्रशांत महासागरात बी-१७ बॉम्बर चालवायला लागला. ऑगस्ट १९४३ मध्ये एस्पिरितू सांतो बेटावर त्याचं विमान टेक-ऑफ घेताना धावपट्टीच्या पुढे गेलं आणि झाडांत घुसून पेटलं. त्याचे दोन सहकारी गेले. तो वाचला.

युद्धानंतर पॅन ॲम कंपनीत नोकरी. खरी परीक्षा इथे झाली. जून १९४७. कलकत्त्याहून न्यूयॉर्कला निघालेलं कॉन्स्टेलेशन जातीचं चार इंजिनांचं विमान कराचीहून इस्तंबूलकडे चाललं होतं. रॉडनबेरी त्यात होता, पण ड्यूटीवर नव्हता, मागे प्रवाशांत बसला होता. रात्री एक इंजिन बिघडलं. कप्तानाने ते बंद केलं आणि उरलेल्या तिघांवर विमान पुढे दामटलं. लोड वाढल्यावर दुसरं इंजिन तापलं, पेटलं आणि पंखापासून सुटून खाली पडलं. विमान सीरियाच्या वाळवंटात आदळलं. ३६ जणांपैकी १५ मेले. दोन बरगड्या मोडलेल्या असताना रॉडनबेरी जळत्या सांगाड्यातून माणसं ओढून काढत राहिला, आग अंगावर येईपर्यंत. पुढे या रात्रीच्या गोष्टी त्याने बऱ्याच तिखटमीठ लावून सांगितल्या. पण माणसं ओढून काढली, हे खरं.

१९४८ मध्ये त्याने राजीनामा दिला. कारण काय, तर टेलिव्हिजनसाठी लिहायचं! तेव्हा अमेरिकेत टीव्ही नुकता कुठे रांगत होता. पोट भरायला १९४९ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसात भरती झाला आणि पोलीसप्रमुखांची भाषणं लिहायला लागला. फावल्या वेळात टोपणनावाने पटकथा विकायच्या. १९५६ मध्ये सार्जंटच्या हुद्द्यावरून ती नोकरीही सोडली.

अंतराळयानाची कल्पना त्याने एनबीसी वाहिनीला विकली तीसुद्धा काउबॉय मालिकांचा धागा पकडून. जंगलातला तांडा जसा मुक्कामागून मुक्काम करतो तसंच हे, फक्त तारकांमध्ये. १९६४ च्या अखेरीस ‘द केज’ नावाचा नमुना भाग चित्रित झाला. खर्च सहा लाख डॉलरच्या वर. वाहिनीने तो नापास केला, फारच डोकेबाज आहे म्हणून. गंमत म्हणजे लगेच एटीकेटीही दिली, म्हणजे दुसरा नमुना करायला सांगितला. असं तेव्हा सहसा होत नसे. त्यात नवा कप्तान आला. पहिल्यातली बाई, यानाची उपप्रमुख, तिला काढलं. वाहिनीला बाई अधिकारी नको होती, असं रॉडनबेरी पुढे आयुष्यभर सांगत फिरला. स्टुडिओतल्या त्याच्या सहकाऱ्यांनी वेगळंच लिहून ठेवलंय. ती भूमिका त्याची मैत्रीण मेजल बॅरेट करत होती आणि आक्षेप त्यावर होता, असं त्यांचं म्हणणं. १९६९ मध्ये दोघांनी लग्न केलं.

८ सप्टेंबर १९६६ ला मालिका सुरू झाली. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडेना, म्हणून माणसं एका जागी विरघळून दुसरीकडे प्रकट होतात ही युक्ती निघाली. ट्रान्सपोर्टरचा जन्म फिजिक्समधून नाही, बजेटमधून झाला! तरीही काही आठवड्यांतच भाग वेळेत पुरे होईनात. मग रॉडनबेरीने नापास झालेला ‘द केज’ बाहेर काढला, त्याभोवती नवी गोष्ट गुंडाळली आणि दोन भाग उभे केले. तीच ‘द मेनाजरी’. सबमिशनच्या आदल्या रात्री जुनं जर्नल फिरवतात त्यातलाच प्रकार, पण याला १९६७ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

किंमत मात्र मोठी पडली. ‘द केज’ची मूळ निगेटिव्हच यासाठी कापली गेली. पूर्ण रंगीत प्रत गेली असंच सगळे धरून चालले. उरली रॉडनबेरीजवळची एक कृष्णधवल प्रिंट.

जानेवारी १९६८ मध्ये मालिका बंद पडणार अशी हवा उठली. चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला, कॅलटेकच्या विद्यार्थ्यांनी एनबीसीवर मशाली घेऊन मोर्चा नेला. पडद्यामागून रॉडनबेरीची फूस होतीच. तिसरा सीझन मिळाला, पण शुक्रवारी रात्री दहाची वेळ! त्या वेळी कुठलं कॉलेजचं पोरगं टीव्हीसमोर बसतं? रॉडनबेरी रुसला आणि रोजच्या कामातून अंग काढून घेतलं. माझ्या मते हे त्याचं चुकलंच. ७९ भागांवर १९६९ मध्ये गाशा गुंडाळला गेला. क्लिंगॉन ही कल्पना जीन कून यांची, व्हल्कन लोकांचा बराच तपशील डोरोथी फोंटाना यांचा, पण नाव गाजलं याचं एकट्याचं. शीर्षकसंगीताला त्याने शब्दसुद्धा लिहिले. मालिकेत ते कधी गायले गेले नाहीत, पण संगीतकाराच्या मानधनातला अर्धा वाटा त्याच्या खिशात गेला.

सत्तरच्या दशकात काम मिळेना तेव्हा याच माणसाला कॉलेजांनी जगवलं. तो व्याख्यानं देत फिरायचा आणि ‘द केज’ची ती प्रिंट दाखवायचा. पुनःप्रक्षेपणांमुळे मालिका आता कुठे गाजायला लागली होती. इतकी की १९७६ मध्ये चाहत्यांच्या पत्रांमुळे नासाच्या पहिल्या शटलचं नाव एंटरप्राइज ठेवलं गेलं. १९७९ च्या चित्रपटात आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा टक्कल करून झळकली.

१९८६ मध्ये ‘द केज’ व्हिडिओ कॅसेटवर निघाला. ‘मेनाजरी’त वापरलेले तुकडे रंगीत, बाकीचं कृष्णधवल, रॉडनबेरीच्या प्रिंटवरून घेतलेलं. दुसऱ्याच वर्षी हॉलिवूडच्या एका लॅबमध्ये कापून उरलेले रंगीत तुकडे सापडले आणि १९८८ मध्ये अख्खा रंगीत भाग पहिल्यांदा टीव्हीवर दिसला. तेव्हा रॉडनबेरी ‘द नेक्स्ट जनरेशन’ या नव्या मालिकेत होता. तब्येत ढासळत चाललेली, लेखकांशी वाद. २४ ऑक्टोबर १९९१ ला सांता मोनिकात तो गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या थोड्या अस्थी कोलंबिया शटलमधून अंतराळात जाऊन आल्या.

ती नवी मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली होती, पण जोडणी व्हिडिओ टेपवर, म्हणजे साध्या टीव्हीच्या ५२५ रेषांत. २०१२ मध्ये तिचा पहिला सीझन ब्ल्यू-रेवर आणताना टेप कुचकामी ठरली. कच्च्या निगेटिव्हचे डबे शोधून, पुन्हा स्कॅन करून, प्रत्येक भाग नव्याने जोडावा लागला. जुन्या मालिकेचं तसं नव्हतं, ती फिल्मवरच पूर्ण झाली होती. २००९ च्या ब्ल्यू-रेत तिच्या यानाची जुनी दृश्यं आणि कॉम्प्युटरवर नव्याने केलेली, दोन्ही आहेत. बटण दाबलं की बदलतात.

आणि ‘द केज’ हवा असेल तर पहिल्या सीझनच्या पेटीत शोधू नका. सगळ्यात आधी चित्रित झालेला हा भाग तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या डिस्कवर आहे. रंगीतही, आणि रॉडनबेरी कॉलेजांतून घेऊन फिरायचा त्या प्रिंटच्या जोडाचाही.