भायखळा-परळचे आमदार बाबासाहेब



महूला १४ एप्रिल १८९१ चा जन्म, परदेशातले शिक्षण, चवदार तळे, राज्यघटना, हे परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र आपल्या वारजेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण बाबासाहेब गिरणगावातून आमदार झाले, ते कसे, हे फारसे कोणी सांगत नाही. आम्ही गिरणी कामगार, म्हणून तेवढेच सांगतो.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी आपल्या पुण्यातच, येरवड्याच्या तुरुंगात, पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा आल्या. त्याही अशा मतदारसंघांत, की जिथून एकाहून जास्त आमदार निवडायचे आणि मतदार सगळ्या जातींचे. मग आपली मूठभर मते टिकणार कशी? मुंबई इलाख्यात एक सोय होती. जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी एकालाच टाकायची मुभा.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये भायखळा-परळमधून ते उभे राहिले. परळच्या चाळीत अनेक वर्षे राहिलेला हा माणूस, तिथल्या लोकांचा घरचाच. काँग्रेसने समोर कोण दिला? नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू, तेही दलितच. बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. तेव्हा मताचा हक्क सरसकट सगळ्यांना नव्हता, हे ध्यानात घ्या.

निवडून आल्यावर ते गप्प बसले नाहीत. सप्टेंबर १९३७ मध्ये खोती मोडण्याचे बिल मांडले. संपाच्या हक्कावर घाला घालणारे बिल आले, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ ला कामगारांचा संप झाला, त्यात ते पुढे होते.

पुढे १९५२ ची लोकसभा. उत्तर मुंबईत दोन जागा, मतदाराला दोन मते, पण दोन्ही एकालाच देता येईनात. जुनी सोय गेली होती. बाबासाहेब काजरोळकरांकडून हरले. घटना लिहिणारा माणूस हरला! १४ ऑक्टोबर १९५६ ला त्यांनी आपल्याला धम्म दिला, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले.

आता एक माणूस, एकच मत. ते दारूवर, पैशावर विकायचे की राखायचे, हे आपल्या हातात आहे. वर्धापनदिनी एवढेच मागतो.

जयभीम! नमो बुद्धाय!