एक्स्प्लेनर : ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेलेले राघोजी भांगरे कोण होते?

माजिवडा-वडपे रस्ता म्हटलं की भिवंडीकरांना आधी वाहतूक कोंडी आठवते. पण याच रस्त्याच्या दोन टोकांना एक जुनी गोष्ट आहे. वडप्याहून नाशिककडे निघालात की शहापूर, कसारा लागतं आणि सह्याद्रीपलीकडे अकोले तालुका. उलट दिशेला ठाणे आणि तिथलं मध्यवर्ती कारागृह. राघोजी भांगरे अकोल्यातल्या देवगावचे. त्यांना फाशी झाली ती ठाण्याच्या कारागृहात, २ मे १८४८ रोजी. १८५७ च्या उठावाच्या नऊ वर्षं आधी.

बंड कशासाठी?

राघोजींचा जन्म ८ नोव्हेंबर १८०५ चा, महादेव कोळी समाजातला. मराठेशाहीत डोंगरी किल्ल्यांची राखण या समाजाकडे असे. १८१८ मध्ये पेशवाई गेली, कंपनी सरकारने किल्ल्यांवरची शिबंदी मोडली, भत्ते कापले. सारा मात्र रोख भरायचा. रोकड फक्त सावकाराकडे, आणि कर्ज थकलं की कोर्टाच्या हुकमाने जमीन त्याच्या नावावर. राघोजींचे वडील रामजी यांनीही इंग्रजांविरुद्ध बंड केलं होतं.

१८४४ पासून राघोजी आणि त्यांचे भाऊ बापू यांनी नगर, नाशिक, ठाणे आणि पुण्याच्या डोंगरी भागात धुमाकूळ घातला. पोलिसांनी पत्ता काढण्यासाठी राघोजींच्या आईचे हाल केले. त्यानंतर राघोजींनी सावकारांची नाकं कापली. आजच्या पोस्टर्सवर हा भाग नसतो. पण तो वगळला तर हा राग आधी कोणावर निघाला, तेच कळत नाही.

पकडले कसे?

१८४५ मध्ये बापू सापडले. राघोजी मात्र निसटत राहिले. अखेर २ जानेवारी १८४८ रोजी ते पंढरपुरात लेफ्टनंट गेलच्या हाती लागले. पाठीशी डोंगर नव्हता, गर्दी होती.

ठाण्याचं हे कारागृह मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले होते. राघोजींना ती संधी मिळाली नाही. अटकेपासून बरोबर चार महिन्यांनी फाशी.

त्याच वर्षी आयर्लंडमध्ये

जुलै १८४८ मध्ये आयर्लंडमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. त्याचे नेते विल्यम स्मिथ ओब्रायन जमीनदार होते, ब्रिटिश संसदेचे सदस्यही. त्यांनाही मृत्युदंड सुनावला गेला. तो रद्द होऊन १८४९ मध्ये त्यांना टास्मानियाला हद्दपार केलं, पुढे १८५६ मध्ये पूर्ण माफी मिळाली. साम्राज्य तेच, गुन्हाही राजद्रोहाचाच. फक्त देवगावच्या माणसासाठी लंडनमध्ये बोलणारं कोणी नव्हतं.

आता दरवर्षी २ मे रोजी आदिवासी संघटना ठाणे कारागृहात राघोजींना अभिवादन करतात.