ऑस्बर्न रेनॉल्ड्स : प्रवाहाचे मर्म शोधणारे प्राध्यापक

चंचुपात्रातील पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून जांभळा रंग पसरताना आपण सर्वांनी प्रयोगशाळेत पाहिला आहे. न ढवळता त्याला कितीतरी वेळ लागतो; ढवळले की क्षणात सारे पाणी रंगते. ढवळण्याचे हेच काम वाहते पाणी स्वतः केव्हा करू लागते, याचा शोध ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी घेतला.

त्यांचा जन्म १८४२ साली बेलफास्ट येथे झाला. यंत्रशाळेतील उमेदवारी आणि केंब्रिजमधील गणिताचे शिक्षण यांनंतर १८६८ साली, वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी, ते मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. भोवताली बाष्पयंत्रांची नगरी होती. बॉयलरच्या तापलेल्या भिंतीची उष्णता पाण्यात कशी शिरते, या प्रश्नाचा त्यांनी १८७४ साली विचार मांडला. शांत प्रवाहात उष्णता थराथरांतून सावकाश झिरपते. पण प्रवाहात भोवरे उठले की भिंतीलगतचे ऊन पाणी आत जाते आणि आतले गार पाणी भिंतीकडे येते. हीच देवघेव भिंतीचे घर्षणही वाढवते, हे त्यांनी ओळखले.

१८८३ साली त्यांनी काचेच्या नळीतून वाहत्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असता ती दोऱ्यासारखी सरळ राहिली. वेग वाढताच काही अंतरावर विस्कटून साऱ्या पाण्यात मिसळली. वेग आणि नळीचा व्यास यांच्या गुणाकाराचे द्रवाच्या चिकटपणाशी असलेले गुणोत्तर हा बदल ठरवते, असे त्यांना आढळले.

वर्गात मात्र हे प्राध्यापक कठीणच! तासाला येण्याचे विसरत. शिपाई बोलवायला गेला की झगा चढवीत धावत येत, रँकिन यांचे पुस्तक उघडून त्यातले एखादे सूत्र चुकीचे ठरवीत आणि वर्गाकडे पाठ करून फळा लिहीत-पुसत राहत. तास संपता संपता ते सूत्र बरोबरच असल्याचे सिद्ध होई. माझ्या तपासणी-वहीत अशा शिक्षकाविषयी काय शेरा पडला असता, ते सांगायला नको. तरीही त्याच बाकांवरील जे. जे. थॉमसन यांनी पुढे नोबेल पारितोषिक मिळवले, आणि गुरूंची ही आठवण जपली ती मोठ्या आपुलकीने.

प्रकृती ढासळल्याने रेनॉल्ड्स १९०५ साली निवृत्त झाले. १९०८ साली त्या गुणोत्तराला त्यांचे नाव मिळाले आणि १९१२ साली वॉचेट येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे उपकरण मँचेस्टर विद्यापीठात अजून आहे. रस्त्यावरील वाहनांच्या कंपनांमुळे आता त्यातील रंगाची रेघ पूर्वीपेक्षा कमी वेगालाच मोडते.